बिलावरचं नाव आणि ७८ हजारांचं अनुदान: सहकारनगरमधल्या एका बंगल्याचं प्रकरण

पुण्यातल्या सहकारनगरमधला तळमजला अधिक एक मजला असा जुना बंगला. गच्ची साधारण ९०० चौरस फुटांची, दक्षिण टोकाला जिन्याची खोली, तिच्यावर पाण्याची टाकी, पश्चिमेला शेजारच्यांचा आंबा. घरात आई, मुलगा, सून आणि दोन शाळकरी मुलं. वर्षाची वीज ३,७०० युनिटच्या आसपास, म्हणजे महिन्याला सरासरी ३१० युनिट, पण एप्रिल-मे मध्ये एसीमुळे ४५० च्या पुढे. छतावर सौर यंत्रणा बसवायची आणि ‘पीएम सूर्य घर: मुफ्त बिजली योजने’तून अनुदान घ्यायचं, एवढाच विचार होता. वीजबिल मात्र वडिलांच्या नावावर होतं आणि वडील सहा वर्षांपूर्वी वारले होते.

पुण्यातल्या जुन्या बंगल्यांमध्ये पुन्हा पुन्हा येणाऱ्या अडचणी इथे एकाच घरात आणून मांडल्या आहेत. घर नमुन्याचं आहे, योजनेचे नियम आणि रकमा खऱ्या आहेत.

ही योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. एक कोटी घरांचं उद्दिष्ट, ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद आणि मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत. घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये मिळतात. ३ किलोवॅटला ७८,००० रुपये होतात आणि अनुदान तिथेच थांबतं. ५ किलोवॅट बसवले तरी ७८,०००, १० बसवले तरी तेवढेच.

या घराला पहिला सल्ला मिळाला तो ५ किलोवॅटचा. ‘पुढे इलेक्ट्रिक गाडी घ्याल, तेव्हा लागेलच,’ असं सांगितलं गेलं. हिशेब वेगळा निघाला. पुण्यात स्वच्छ उन्हाच्या दिवसात एका किलोवॅटमागे ४ युनिट धरायला हरकत नाही. पावसाळ्यात, त्यातही जुलै-ऑगस्टमध्ये, हा आकडा निम्म्यावर येतो. वर्षभराचा विचार केला तर ३ किलोवॅटमधून चार हजारांच्या आसपास युनिट मिळतात. घराचा वापर ३,७०० चा, म्हणजे ३ किलोवॅट पुरेसे होते. वरच्या २ किलोवॅटला अनुदान नाही आणि त्यांची वीज वर्षाअखेरीस स्वस्तात विकली जाणार.

वर्षाअखेरीचा हा मुद्दा नीट समजून घ्यावा, कारण विक्रेते तो क्वचितच सांगतात. नेट मीटरिंगमध्ये महावितरणकडे गेलेले जास्तीचे युनिट पुढच्या महिन्याच्या बिलात वळते होतात, पण हे खातं एप्रिल ते मार्च असं चालतं. ३१ मार्चला जे युनिट उरतात ते वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने पैशात धरले जातात, आणि तो दर आपण भरतो त्या दराच्या जवळपासही नसतो. पुण्यात ऑक्टोबर ते मार्च ऊन भरपूर आणि एसी बंद, त्यामुळे याच काळात युनिट साठतात. ते एप्रिल-मेच्या एसीला मात्र उपयोगी पडत नाहीत, कारण मधे ३१ मार्च येतो. म्हणून या शहरात यंत्रणा वर्षाच्या वापराच्या बरोबरीने किंवा त्याहून किंचित कमी घ्यावी.

आता नावाकडे येऊ. सगळं प्रकरण इथेच अडकलं होतं.

योजनेच्या पोर्टलवर नोंदणी करताना राज्य, वीज वितरण कंपनी आणि बारा आकडी ग्राहक क्रमांक द्यावा लागतो. ग्राहक क्रमांक टाकला की महावितरणच्या नोंदीतलं नाव आपोआप येतं. इथे वडिलांचं आलं. मुलाने स्वतःचा मोबाइल नंबर आणि ईमेल देऊन तसाच पुढे अर्ज भरला. शेवटी बँक खातं आपलं दिलं की झालं, अशी त्याची समजूत होती. पण अनुदान ग्राहकाच्याच बँक खात्यात जातं आणि खात्यावरचं नाव अर्जातल्या नावाशी जुळावं लागतं. वडिलांचं खातं सहा वर्षांपूर्वीच बंद झालेलं. हा अर्ज तसाच पुढे रेटला असता तर यंत्रणा बसली असती, नेट मीटर लागला असता, बिलही कमी झालं असतं, आणि ७८,००० रुपये शेवटच्या पायरीवर अडकले असते. त्या टप्प्यावर ग्राहकाचं नाव बदलायचं म्हणजे महावितरणची नोंद, पोर्टलवरचा अर्ज आणि नेट मीटरचा करार, तिन्ही पुन्हा हलवावे लागतात.

पहिला अर्ज रद्द केला आणि आधी जोडणीचं नाव बदललं. या क्रमात तडजोड करू नये. विक्रेता ‘काकू, नाव नंतर करू, आधी पॅनेल चढवून घेऊ’ म्हणाला तरी थांबावं.

जोडणी कोणाच्या नावावर करायची, हा घरातला प्रश्न होता. मुलगा म्हणत होता माझ्या, कारण कर्ज तोच फेडणार. पण मिळकत अजून वडिलांच्या नावावर होती आणि वारस तीन: आई, मुलगा आणि नाशिकला असलेली मुलगी. आईच्या नावावर करणं सगळ्यात सरळ ठरलं. नावबदलाचा अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावरून किंवा अ‍ॅपवरून करता येतो. सोबत वडिलांचा मृत्यू दाखला, मिळकतीचा पुरावा म्हणून मिळकतकराची पावती, आईचं आधार आणि पॅन, आणि मुलगा व मुलगी दोघांचं ना-हरकत पत्र जोडलं. नाशिकहून पत्र यायला तीन आठवडे गेले, बाकी कामाला त्याहून कमी वेळ लागला. ना-हरकत पत्रात दोन गोष्टी स्पष्ट लिहून घ्याव्यात: जोडणी आईच्या नावावर करायला संमती आणि वडिलांच्या नावे असलेली सुरक्षा ठेव आईच्या नावे वळती करायला संमती. दुसरी राहिली की अर्ज परत येण्याची शक्यता असते. मागची थकबाकी शून्य असावी. चालू बिल भरून मगच अर्ज टाकावा.

नाव बदलल्यावर नवीन बिल हातात आलं की ते आणि पासबुक शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावं. या घरात बिलावर आईचं पहिलं नाव, पतीचं नाव, आडनाव असा क्रम होता, बँकेत आडनाव आधी आणि पतीच्या नावाचं फक्त आद्याक्षर. इंग्रजी स्पेलिंगमध्येही एका ठिकाणी दोन ‘ई’ आणि दुसरीकडे ‘आय’. पुण्यातल्या जुन्या खात्यांमध्ये हे सर्रास दिसतं. बँकेतलं नाव आधारप्रमाणे दुरुस्त करून घेणं सोपं पडतं, ते केलं. त्याच वेळी कळलं की आईचं ते खातं बरेच महिने न वापरल्यामुळे आणि केवायसी न झाल्यामुळे गोठलेलं आहे. अनुदानाची रक्कम अशा खात्यावर पाठवली तर परत फिरते आणि मग कारण शोधण्यात महिना जातो. खातं चालू करून घेतलं, त्यात एक छोटा व्यवहार करून पाहिला.

यानंतर नवीन नोंदणी, आईच्या नावाने आणि आईच्या मोबाइलवर. नंबर घरातलाच द्यावा. बरेच विक्रेते घाईत स्वतःचा नंबर टाकतात आणि ओटीपी त्यांच्याकडे जातो. पुढे तो माणूस फोन उचलेनासा झाला की ग्राहकाला आपल्याच अर्जात शिरता येत नाही.

मंजूर भाराचं काम त्या मानाने लगेच झालं. बिलावर मंजूर भार, म्हणजे जोडणीवर एका वेळी वापरायला मंजूर असलेली वीज, १ किलोवॅट होता आणि यंत्रणा ३ ची. यंत्रणा मंजूर भारापेक्षा मोठी चालत नाही. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत झालेल्या बदलानुसार १० किलोवॅटपर्यंतच्या छतावरच्या अर्जांना तांत्रिक व्यवहार्यतेची वेगळी तपासणी लागत नाही आणि आवश्यक तेवढा भार वाढवून अर्ज मंजूर धरला जातो. ‘भार वाढवायला वेगळे पैसे द्या’ असं कोणी म्हणालं तर आधी आपल्या उपविभाग कार्यालयात जाऊन खात्री करावी.

विक्रेता पोर्टलवरच्या नोंदणीकृत यादीतलाच हवा, नाहीतर अनुदान नाही. तीन दरपत्रकं मागवली. सगळ्यात स्वस्त दरपत्रकात ५४० वॅटची पाच पॅनेल आणि ३ किलोवॅटचा इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसी विजेत बदलणारं यंत्र) होता, वर ठळक अक्षरात ‘३ किलोवॅट’. अनुदान मोजताना पॅनेलची एकूण क्षमता आणि इन्व्हर्टरची क्षमता यातली कमी असेल ती धरतात. पाच पॅनेल म्हणजे २.७ किलोवॅट. त्यावर अनुदान ६०,००० अधिक ०.७ गुणिले १८,०००, म्हणजे ७२,६०० रुपये. ५,४०० रुपये कमी, शिवाय वीजही कमी. सहा पॅनेल घेतली की ३.२४ किलोवॅट होतात, इन्व्हर्टर ३ चा, मग अनुदान पूर्ण ७८,०००. दरपत्रकावरच्या शीर्षकाकडे न बघता पॅनेलची संख्या गुणिले वॅट हा गुणाकार स्वतः करावा.

दुसरी अट देशी पॅनेलची. अनुदानासाठी सेल आणि मॉड्यूल (सेल जोडून केलेलं पूर्ण पॅनेल) दोन्ही भारतात बनलेले असावे लागतात. बाजारात त्यांना डीसीआर पॅनेल म्हणतात. ती बिगर-डीसीआर पॅनेलपेक्षा महाग असतात. ‘पॅनेल भारतीय कंपनीचंच आहे’ एवढं उत्तर पुरत नाही, कारण त्याच कंपन्या आयात सेलची पॅनेलही विकतात. प्रत्येक पॅनेलचा अनुक्रमांक दरपत्रकाच्या वेळी नसतो, पण माल उतरवताना तो असतो. पॅनेल गच्चीवर चढवायच्या आधीच प्रत्येक अनुक्रमांकाचा फोटो घ्यावा आणि डीसीआर प्रमाणपत्रावरच्या यादीशी ताडावा.

जीएसटीबद्दल एक शब्द. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरचा कर १२ वरून ५ टक्के झाला. संपूर्ण यंत्रणेच्या कंत्राटात ७० टक्के वस्तू आणि ३० टक्के सेवा असं धरून एकत्रित कर ८.९ टक्के पडतो. आधी तो १३.८ टक्के होता. एका दरपत्रकात अजून जुनाच दर लावलेला होता. दाखवल्यावर विक्रेत्याने बदलला.

ठरलेली किंमत करासकट १,९८,००० रुपये. विक्रेत्याला पूर्ण रक्कम द्यायची आणि अनुदान नंतर आपल्या खात्यात येतं. हप्ते असे ठरवले: ऑर्डरवेळी २० टक्के, माल गच्चीवर आल्यावर ६० टक्के, नेट मीटर लागून यंत्रणा चालू झाल्यावर उरलेले २० टक्के. हे शेवटचे २० टक्के सोडू नयेत. पॅनेल बसवून झाल्यावर विक्रेत्याचं मुख्य काम संपलेलं असतं, आणि कागदांसाठी तो परत यावा असं वाटत असेल तर त्याचे पैसे बाकी असलेले बरे. कर्ज ‘जनसमर्थ’ या सरकारी कर्ज-पोर्टलवरून राष्ट्रीयीकृत बँकेचं घेतलं. ३ किलोवॅटपर्यंत २ लाखांच्या आत तारण लागत नाही आणि व्याज रेपो दराशी जोडलेलं, घरगुती वैयक्तिक कर्जापेक्षा बरंच कमी असतं. आईच्या वयामुळे मुलगा सहकर्जदार झाला.

गच्चीवरचं काम सर्वांत जपून करावं लागतं. पुण्यातल्या जुन्या बंगल्यांच्या गच्च्यांवर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा जलरोधक थर असतो, वर फरशीच्या तुकड्यांचा चायना मोझॅक. पॅनेलच्या सांगाड्याचे पाय बसवायला कामगार सरळ ड्रिल लावून अँकर बोल्ट ठोकतात. भोक कोब्यातून आरपार जातं, आणि पहिल्याच पावसाळ्यात खालच्या खोलीच्या छताला ओल दिसते. तेव्हा विक्रेता म्हणतो गच्ची जुनीच होती. इथे भोकं पाडू दिली नाहीत. प्रत्येक पायाखाली काँक्रीटचा ठोकळा, म्हणजे पेडेस्टल ओतला, त्यात बेस प्लेट आधीच बसवली आणि कडेने वॉटरप्रूफिंगचा थर दिला. पेडेस्टलचं वजन वाऱ्याच्या हिशेबाने ठरवायला हवं. भारतीय मानकाप्रमाणे पुण्यासाठी मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद धरतात. मे महिन्यातल्या वळवाच्या वाऱ्यात हलका सांगाडा पतंगासारखा उचलला जातो. सांगाडा गरम जस्त मुलाम्याचा घ्यावा, आणि जागेवर वेल्डिंग करू देऊ नये, कारण वेल्डिंगच्या जागी मुलामा जळतो आणि तिथून गंज सुरू होतो. नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे.

सावलीचं गणित असं केलं. पुण्याचा अक्षांश साडेअठराच्या आसपास. २१ डिसेंबरला दुपारी बारा वाजता सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो. जिन्याची खोली आणि टाकी मिळून उंची चार मीटर, म्हणजे तिची सावली उत्तरेकडे सुमारे ३.६ मीटर पडते, सकाळी नऊला आणखी लांब. म्हणून पॅनेल खोलीपासून दूर, उत्तरेच्या अर्ध्या भागात, दक्षिणेकडे १८ अंश कललेली ठेवली. एका माळेत जोडलेल्या पॅनेलपैकी एकावरही सावली पडली तर अख्ख्या माळेचं उत्पादन घसरू शकतं, म्हणून हे मोजणं सोडू नये. सांगाडा अडीच मीटर उंच घेतला. खर्च वाढला, पण गच्ची मोकळी राहिली आणि आईचं पापड-कुरडयांचं वाळवण पहिल्यासारखं सुरू आहे. पश्चिमेकडच्या आंब्याच्या फांद्या मार्च-एप्रिलमध्ये दुपारी चारनंतर आड येतात. तेवढं नुकसान मान्य केलं. झाड शेजारच्यांचं आहे आणि मनपाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही.

अर्थिंगचे तीन वेगळे खड्डे हवेत: डीसी बाजूला (पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंत) एक, एसी बाजूला (इन्व्हर्टरपासून पुढे) एक आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणाऱ्या वीजरोधकाला एक. एकाच खड्ड्यात तिन्ही तारा नेणं ही नेहमीची चालढकल. प्रत्येकाचा रोध ५ ओहमच्या आत असावा, आणि तो मीटर लावून आपल्यासमोर मोजून घ्यावा. डीसी आणि एसी दोन्ही बॉक्समध्ये सर्ज संरक्षक (अचानक उसळणाऱ्या व्होल्टेजपासून वाचवणारे) असायला हवेत. डीसी केबल ४ चौरस मिलिमीटरची, सौर यंत्रणेसाठीची, पाइपमधून नेलेली. पॅनेलच्या तारा जोडणारे एमसी४ कनेक्टर हाताने पिळून बसवलेले असतील तर अवजाराने दाबून नीट क्रिंप करून घ्यावेत. सैल जोड तापतो, आणि गच्चीवरच्या सौर यंत्रणेच्या अनेक आगी अशा जोडांपासून लागतात.

इन्व्हर्टर चालू केल्यावर पहिल्या आठवड्यात दुपारी तो मधेच बंद पडू लागला. पडद्यावर जास्त व्होल्टेजचा इशारा. जुन्या भागात दुपारी घरोघरी भार कमी असतो, त्यात सौर वीज उलट वाहते आणि व्होल्टेज वाढतं. ते २५३ च्या पुढे गेलं की इन्व्हर्टर स्वतःला तोडतो. दोष इन्व्हर्टरचा नव्हता, इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतची केबल पातळ आणि लांब होती. ४ ऐवजी १० चौरस मिलिमीटरची घातल्यावर तक्रार थांबली. तेही पुरलं नसतं तर खांबावरून येणारी सर्व्हिस वायर तपासायचा अर्ज करावा लागला असता.

गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते तेव्हा यंत्रणाही बंद पडते, आणि ती पडायलाच हवी. खांबावर काम करणाऱ्या माणसाच्या तारेत घराघरांतून वीज जाऊ नये म्हणून ही सोय आहे. बॅटरीशिवायच्या यंत्रणेत वीज गेल्यावर दिवे लागतील अशी आशा कोणी दाखवली असेल तर ती चूक आहे.

बसवून झाल्यावर विक्रेता पोर्टलवर तपशील भरतो: पॅनेलचे अनुक्रमांक, इन्व्हर्टरचा क्रमांक, ग्राहकासह यंत्रणेचा स्थान दाखवणारा फोटो. इथे पुन्हा गडबड झाली. चढवताना एका पॅनेलला तडा गेला, ते बदललं, पण यादीत जुनाच अनुक्रमांक राहिला. महावितरणच्या तपासणीत तो जुळला नाही आणि अर्ज मागे आला. घरच्यांनी माल उतरवतानाचे फोटो ठेवले होते, म्हणून दुरुस्ती दोन दिवसांत झाली. नेट मीटर लागला, तपासणी पूर्ण झाली आणि यंत्रणा चालू झाल्याचा अहवाल पोर्टलवर आला.

हा अहवाल आला की काम झालं असं समजून बरेच ग्राहक इथे थांबतात. अनुदानाची मागणी ग्राहकाने स्वतः आत जाऊन नोंदवायची असते: बँक तपशील भरायचा आणि रद्द केलेला धनादेश किंवा पासबुकाचं पहिलं पान जोडायचं. धनादेशावर नाव छापलेलं नसेल तर पासबुकाचंच पान द्यावं आणि फोटोत आयएफएससी कोड स्वच्छ वाचता यायला हवा. मागणी नोंदवल्यावर साधारण ३० दिवसांत रक्कम येणं अपेक्षित आहे. न आल्यास आधी पोर्टलवरची स्थिती पाहावी, मग १५५५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. आईच्या खात्यात ७८,००० जमा झाले आणि ते सगळे कर्जात भरले.

याच घराला आणखी एक सवलत लागू होती, ती शेवटपर्यंत कोणी सांगितली नव्हती. पुणे महापालिका सौर ऊर्जा, पर्जन्यजल संधारण, गांडूळखत यांपैकी एक प्रकल्प चालू असलेल्या मिळकतीला सर्वसाधारण करात ५ टक्के आणि दोन किंवा अधिक असल्यास १० टक्के सूट देते. त्यासाठी मिळकतकर विभागाकडे अर्ज करावा लागतो, आणि प्रकल्प खरोखर चालू असावा लागतो. घरात पर्जन्यजलाचा खड्डा आधीपासून होता, फक्त गाळाने भरलेला. तो साफ करून दोन्हींचा अर्ज एकत्र दिला.

सोसायटीत राहणाऱ्यांसाठी हिशेब वेगळा आहे: लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामायिक जोडणीला किलोवॅटमागे १८,००० रुपये, घरटी ३ किलोवॅट या हिशेबाने ५०० किलोवॅटपर्यंत. तिथे गाडी चार्ज करण्याची सोयही धरता येते.

पहिलं नेट मीटरचं बिल आलं तेव्हा त्यावर आयात आणि निर्यात असे दोन आकडे होते. ते मीटरवरच्या आकड्यांशी ताडले, कारण मीटर बदलल्याच्या महिन्यात जुन्या मीटरचं शेवटचं वाचन चुकीचं नोंदलं जाण्याचा धोका सगळ्यात जास्त. युनिट शून्य झाले तरी स्थिर आकार भरावाच लागतो. पॅनेल महिन्यातून दोनदा पहाटे धुतात, बोअरच्या जड पाण्याने नाही, कारण त्याचे पांढरे डाग बसतात. विक्रेत्याची पाच वर्षांची मोफत देखभाल करारात आहे, तो करार आणि अनुक्रमांकांची यादी वीजबिलाच्या फाइलमध्येच ठेवली आहे. शेजारच्या दक्षिणेकडच्या बंगल्याच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली आहेत. तिथे उंच इमारत आली तर डिसेंबरची सावली पुन्हा मोजावी लागेल. पेडेस्टल गच्चीच्या दोन्ही टोकांना ओतून ठेवलेले आहेत, ते त्यासाठीच.